हौसावहिनीचा झिरा

ज्याच्या दारात कांदा साठवायची बराखी आहे त्याला हे माहीत असतं. एक नासका कांदा दिसला म्हणून हात घालावा, तर त्याच्या खाली आणखी दोन हाताला लागतात, आणि ते काढेस्तोवर अर्धी सकाळ जाते. आमच्या ओढ्याच्या गोष्टींचं तसंच आहे. पारावर कुणी नुसतं म्हटलं, "नाना, ओढा लई घाण झालाय राव," की मी एक सांगायला घेतो. तिच्या खालून दुसरी निघते, दुसरीच्या खालून तिसरी, आणि समोरचा चहा गार होतो.

आमची वाडी मंचरकडून अवसरी बुद्रुकला जाताना आत वळल्यावर लागते. घरं एका ओळीत, सगळ्यांची पाठ ओढ्याकडं. ओढा काही मोठा नाही. पावसाळ्यात मांडीएवढा, उन्हाळ्यात नुसती वाळू. पण वाडीच्या खालच्या अंगाला त्या वाळूत हातभर खड्डा उकरला की तळाला पाणी यायचं. त्याला आम्ही झिरा म्हणतो. वाटीवाटीनं हंडा भरायचा. वेळ लागायचा, पण पाणी असं की वाटीचा तळ लख्ख दिसायचा. वरच्या अंगाला सगळा कातळ, म्हणून झिऱ्याची जागा ती एकच.

वाडीची एक रीत होती. बाळंतिणीला सवा महिना झाला की तिनं बाळाला घेऊन झिऱ्यावर यायचं. वाळूत सात खडे मांडायचे. त्या आसरा, पाण्यातल्या देवी. त्यांना हळदकुंकू वाहायचं, झिऱ्याच्या पाण्याचं बोट बाळाच्या ओठाला लावायचं, आणि तांब्या भरून घरी जायचं. तिथून पुढं बाई कामाला मोकळी आणि बाळ वाडीचं. मी तसाच वाडीचा झालो. माझी पोरंबी तशीच झाली.

हौसावहिनी माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ लवकर गेला. तिच्या पदरात एकटा सुदाम. झिऱ्याची राखण तिच्याकडं होती. तिला कुणी दिली नव्हती, तिनं आपली घेतली होती. उन्हाळ्यात झिरा उकरायची ती, गाळ काढायची ती, कुत्रं तोंड घालू नये म्हणून वर बाभळीची फांदी ठेवायची तीच. आणि तिचं मागणं एकच.

"भावजी, सुदामाचं लेकरू ह्या झिऱ्यावर आणलं की मी सुटले बगा."

सुदाम तेव्हा शाळेत होता.

* * *

नळ यायच्या आधीची गोष्ट. मंचरच्या बाजारातला एक व्यापारी कांदा बघायला वाडीत आला. अंगावर ही धूळ. ओढ्याला थोडंसं पाणी वाहत होतं. गडी टेम्पोतून उतरला, पाण्यात उभा राहिला, पाय धुतले, तोंड धुतलं, खळखळून चूळ भरली आणि दिली टाकून.

खाली वहिनी हंडा भरत बसली होती. तिचा हात थांबला.

"पावणं, कुठलं गाव?"

त्यानं सांगितलं.

"तुमच्याकडं हंड्यात थुकत्यात का?"

तो इकडंतिकडं बघायला लागला. "कुठला हंडा, मावशी?"

"तुमी हुबं हाय तो."

माणूस चांगला होता. तसाच कडेला आला. पुढं बरीच वर्षं तो आमच्याकडं कांद्याला यायचा आणि दरवेळी ओढा ओलांडायच्या आधी चपला हातात घ्यायचा. देवळात शिरावं तसा. आम्ही मागनं हसायचो. "आला रे चपलावाला," म्हणायचो.

आता वाटतं, ओढ्याला त्याच्याएवढं मानणारं वाडीतलं कुणी निघालं असतं तर बरं झालं असतं.

* * *

बबन माझा शेजारी. भिंतीला भिंत. कामाला वाघ, पण बैलगाड्याचा नाद. यात्रेत घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढणीवर, गाडा पळवायचा म्हटलं की त्याला घरदार सुचायचं नाही. त्याचा लाल्या नावाचा बैल होता. देखणा. आम्ही बैल धुवायचो ते नुसत्या पाण्यानं, काथ्यानं घासून. पण तेव्हा वाडीत टीव्ही आले होते. टीव्हीत एका बाईचे केस चमकताना बबननं बघितले, आणि त्याला लाल्याची पाठ दिसली.

यात्रेच्या आदल्या दिवशी बबन शाम्पूच्या पुड्यांची अख्खी माळ गळ्यात घालून ओढ्यात उतरला. एकेक पुडी दातानं फोडतोय आणि लाल्याच्या पाठीवर पिळतोय. फेस म्हणजे किती, बैल आहे का मेंढरू कळेना. बायकांनीबी तेव्हा राख सोडून कपड्याला पावडर धरली होती, त्यांचा फेस वेगळा. सगळा मिळून निघाला खाली, झिऱ्याकडं.

वहिनी काठावर येऊन उभी राहिली.

बबन म्हणाला, "आक्का, वास घे. गुलाबाचा हाय."

 बैल धुऊन झाला. ऊन तापलेलं, लाल्याला तहान लागली होती. बबननं त्याला तिथंच पाण्यावर धरला आणि बैलाला पाणी पाजताना घालतात ती शीळ घातली. लाल्यानं वास घेतला, फुर्र केलं आणि मान वळवली. बबन शीळ घालतोय, बैल आभाळाकडं बघतोय. शीळ घालून घालून बबनच्याच तोंडाला कोरड पडली. शेवटी आमच्या रांजणातनं बादली भरून नेली, तेव्हा लाल्या घटाघटा प्यायला.

वहिनी म्हणाली, "बबन, तुझ्या घरात देवानं अक्कल एकालाच दिलीय. त्याला तरी तहानेनं मारू नको."

बबन हसला. आम्हीबी हसलो. लाल्याचा गाडा दुसऱ्या दिवशी घाटात पहिला आला. बबन सगळ्यांना सांगत सुटला, शाम्पूचा गुण. पुढच्या यात्रेला वाडीतला एकूण एक बैल ओढ्यात शाम्पूनं धुतला.

* * *

मग नळ आले. त्याच्या मागोमाग न्हाणीघरं आली, फरश्या आल्या. आधी कसं होतं, मोरीचं पाणी परसात जायचं. तिथं अळू असायचा, दोनचार केळी असायच्या. त्या पाण्यावर त्या पोसायच्या आणि पाणी तिथंच जिरायचं. आता पाणी घरात भसाभसा यायला लागलं, तर ते तसंच बाहेरबी काढायला पाहिजे. गवंडी एका दमात सगळी घरं घेत चालला होता. प्रत्येक दारात विचारायचा, "पाईप कुठं सोडू?"

आणि प्रत्येक घरातनं आतूनच उत्तर यायचं, "सोड खाली."

खाली म्हणजे ओढ्यात. असं कुणी म्हटलं नाही. खाली एवढंच म्हटलं. आमच्या घरातनंबी तेच म्हटलं असणार.

वहिनीच्या दारात त्यानं विचारलं. वहिनी बाहेर येऊन म्हणाली, "माझ्या केळीला सोड."

"आक्का, केळी किती पाणी पितील?"

"खड्डा काढ. दगडगोटे भर त्यात. केळी पिल तेवढं पिल, बाकीचं भुई पिल."

गवंड्यानं तसं करून दिलं. वाडीत एकाच घराचा पाईप असा आखूड राहिला. सुदाम तोवर मिसरूड फुटलेला झाला होता, मित्रांच्या घरी जात येत होता. त्याला लाज वाटायची. सगळ्यांच्या पाईपचं तोंड ओढ्यावर दिमाखात, आणि आपल्या परसात चिखल. वहिनी बहिणीकडं अवसरीला राहायला गेली तेवढ्यात त्यानं खड्डा बुजवला, पाईपला पाईप जोडला आणि ओढ्यात काढून दिला. वर माती सारखी केली.

वहिनी आली. तिला कुणी काही सांगितलं नाही. थोडे दिवस गेले आणि केळीची पानं कडेनं करपायला लागली. वहिनीनं केळीच्या बुडाला हात लावला, माती कोरडी. घरात गेली, कुदळ आणली, मातीवर मारली. दुसऱ्या घावाला पाईप फुटला.

सुदाम पळत आला. "आये, काय केलंस? गॅरंटीचा पाईप व्हता."

"मंग जा, बदलून आण," म्हणाली.

केळी पुन्हा हिरवी झाली. पण वाडीतल्या बाकीच्या परसांमधल्या केळी तोवर गेल्या होत्या. अळू तर आता आम्ही बाजारातनं आणतो.

* * *

सुदामचं लग्न झालं. सून केली पिंपळवंडीची. लता. पोरगी बोलायला फटकळ, मनानं साफ. सासूची आणि तिची रोज जुंपायची, आणि रोज दोघी एका ताटात जेवायच्या.

एका वर्षी नवरात्र उठलं. घटाची माती, उगवलेलं धान, वाळलेल्या माळा, सगळं निर्माल्य वहिनीनं साडीच्या दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलं, गाठ मारली, ओढ्यावर गेली, हात जोडले आणि दिलं सोडून. झिऱ्याची राखण करणारी बाई, पण देवाचं पायदळी येऊ नये हे तिच्या हाडात बसलेलं. तिच्या सासूनं तसंच केलं होतं. फक्त सासूच्या वेळेला पिशवी नव्हती.

पिशवी थोडी गेली आणि बाभळीच्या काटीला अडकली. पाणी उतरलं तशी ती वर लोंबायला लागली.

दुसऱ्या दिवशी लता धुणं घेऊन आली. म्हणाली, "आत्या, देव अजून गेलं न्हाईत."

वहिनीनं ऐकलं न ऐकलं केलं.

चार दिवसांनी पुन्हा. "आत्या, देव बाभळीवरच बसल्यात. जेवायला बोलावू का?"

वहिनी रागावली. सुनेशी बोलणं बंद. मग एका सकाळी माझ्याकडं आली. "भावजी, तुमची आकडी घ्या. ते तेवढं काढून द्या मला."

मी आकडीच्या काठीनं पिशवी काढली. गाठ सोडली तर असा वास आला की वहिनीनं पदर नाकाला लावला आणि तिच्या डोळ्यात पाणी आलं. देवाच्या वस्तूचा असा वास येईल हे तिला ठाऊक नव्हतं. लतानं तिच्या हातातनं पिशवी घेतली, सगळं जास्वंदीच्या बुडाला ओतलं, वर माती लोटली. "आमच्यात असंच करत्यात, आत्या. फूल हुतं त्याचं परत."

त्या घरातलं निर्माल्य पुन्हा ओढ्यात गेलं नाही. पण वाडीत कुजबूज सुरू झाली, हौसाबाईची सून देवाचं खत करती. आणि पुढं वर्षं गेली तरी लताची कूस उजवेना, तेव्हा बायकांनी त्याचं कारणबी हेच काढलं.

लताला ते कळलं होतं. तिनं जास्वंदीला माती घालणं सोडलं नाही. तोंड मात्र कमी झालं तिचं. आधीसारखी फटकळ राहिली नाही.

* * *

बटाट्यावर औषध मारायचे दिवस होते. बबननं फवारणीचा पंप ओढ्यात धुतला, औषधाची बाटलीबी तिथंच खळबळून घेतली. सगळेच तसं करायचे. थोड्या वेळानं पाण्यावर मासे यायला लागले. पांढरी पोटं वर करून. बबननं धोतराचा सोगा सोडला, पाटी आणली आणि गोळा करायला लागला.

वहिनीनं विचारलं, "गळ कुठाय तुझा?"

"गळ कशाला, आक्का? आपसूक आल्यात."

"आपसूक कुणी येतं व्हय?" म्हणाली, आणि पुढं होऊन पाटी पालथी केली.

बबन लई चिडला. आयुष्यात पहिल्यांदा तो तिला वाकडं बोलला. रांडमुंड बाईनं माझ्या पाटीला हात लावायचा नाही, असं बोलला. वहिनी घरी गेली.

पालथ्या पाटीतला एक मासा बबनच्या मांजरीनं उचलला होता. सकाळी बबनच्या उंबऱ्यात मांजर आखडून पडलेली. घरात लेकरंबाळं. बबन उंबऱ्यावर बसून राहिला. न्याहारीला हाक मारली तरी उठेना.

मग औषधाची ती रिकामी बाटली घेऊन तो वहिनीच्या दारात गेला. मी परसात होतो, मला सगळं ऐकू येत होतं. मला वाटलं माफी मागेल. त्याला ते काही जमलं नाही.

"आक्का," म्हणाला, "ही कुठं टाकू?"

वहिनीलाबी सांगता येईना. तिनं ती हातात घेऊन बघितली आणि त्याची त्याला परत दिली.

त्यानंतर बबन पंप शेतातच धुवायला लागला, ओढ्यापासून लांब. ती बाटली मात्र त्याच्या गोठ्याच्या वळचणीला अडकवलेली राहिली. अजून असेल.

* * *

एकदा पोरांनी मनावर घेतलं. श्रमदान करायचं, ओढा साफ करायचा. लई बरं वाटलं. सगळी वाडी उतरली. चिंध्या, पिशव्या, फुटके डबे, सडका कांदा, पत्रावळ्या, काय काय निघालं. प्रत्येक जण दुसऱ्याला म्हणत होता, "एवढं कुणी टाकलं रं?" वहिनीनं सगळ्यांसाठी चहा केला. इतकी खूश मी तिला बघितली नव्हती.

ढीग झाला घराएवढा. आता तो न्यायचा कुठं? कुणाच्या शेतात टाकणार? दुपार झालेली, भुका लागलेल्या. ट्रॅक्टर भरला आणि पुलाच्या पलीकडं नेऊन खाली केला. पूल म्हणजे आमच्या वाडीची हद्द. ओढा आमचा झाला साफ. ओढा पुढंबी जातो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही असं नाही. आलं असेल. पण जेवायची वेळ झाली होती.

वहिनी मला म्हणाली, "भावजी, खालच्या वाडीलाबी झिरा हाय."

मी म्हणालो, "बघू, उद्या बोलू पोरांशी."

उद्याची वेळच आली नाही. सकाळी उठलो तर आमच्या मारुतीच्या देवळापुढं दोन ट्रॅक्टर उभे. खालच्या वाडीची माणसं शांतपणे मागचा फाळका सोडत होती. सगळा ढीग देवळापुढं ओतला, झाडून घेतला ट्रॅक्टर. त्यांच्यातला एक वयस्कर माणूस पुढं आला, रामराम घातला.

"राव, तुमचं सामान आमच्याकडं ऱ्हायलं व्हतं."

आणि गेले.

* * *

ग्रामस्वच्छतेची स्पर्धा निघाली होती. गावानं नाव दिलं. तपासायला साहेब येणार, ओढा बघणार. पाईप तर सगळे ओढ्यात. सरपंच आमच्याच वाडीतला, त्यानं डोकं लढवलं. ज्या त्या घरानं आपल्या पाईपात गोणपाटाचा बोळा घट्ट बसवायचा, साहेब जाईस्तोवर पाणी अडवून धरायचं. झालं. सकाळी अंधारातच सगळ्यांनी बोळे ठोकले.

साहेबांनी ओढा बघितला. काठावर रांगोळ्या होत्या. साहेब खूश. सरपंचाच्या घरी जेवणाच्या पंगती. वाडीतल्या बायका पोळ्या लाटायला, वहिनीबी त्यांच्यात. आता एवढ्या माणसांचा स्वयंपाक, भांडी, हात धुणं. आणि पाईपात बोळा.

साहेबांनी पहिला घास घेतला आणि मोरीतनं बुडबुड आवाज आला. दुसऱ्या घासाला पाणी उंबरा ओलांडून पंगतीत आलं. भाताची शितं, साबणाचा फेस, भाजीची देठं, सगळं पाटाभोवती फिरायला लागलं. मोठ्या साहेबांनी पाय वर घेतले. ताट हातात घेतलं. माणूस शांत होता. त्यानं सरपंचाला विचारलं,

"हे पाणी एरवी कुठं जातं?"

सरपंच खाली बघायला लागला. सगळेच खाली बघायला लागले.

चुलीपासनं वहिनी म्हणाली, "एरवी आमी पितो, सायेब."

बक्षीस मिळालं नाही, ते सोडा. माझ्या मनात राहिलं ते दुसरंच. दुपारी वहिनी मला हाताला धरून झिऱ्यावर घेऊन गेली. सकाळपासनं वरून घाण आली नव्हती. वाटी बुडवली. निवळ पाणी. तळ दिसत होता.

"भावजी, एका दिसात," म्हणाली. "एका दिसात निवाळला बगा. ह्यो काय आपल्यावर डूख धरून न्हाई."

आम्ही तिथं उभे होतो तोवर वर वाडीत बोळे निघायला लागले.

* * *

नळ आला तरी वहिनी प्यायला झिऱ्याचंच पाणी आणायची. पुढच्या उन्हाळ्यात तिला कावीळ झाली. मंचरला दवाखान्यात ठेवली. डॉक्टरनं विचारलं पाणी कुठलं पिता. बरी होऊन आली तेव्हा सुदामनं झिरा वाळूनं बुजवून वर धोंडे टाकले होते. वहिनी भांडली नाही. नळाचं पाणी उकळून प्यायला लागली. पण तिचं ते मागणं बंद झालं नाही. फक्त आता ते ती मोठ्यानं बोलायची नाही.

आणि मग लताला दिवस गेले. इतक्या वर्षांनी. मुलगी झाली.

सवा महिना भरत आला तसा सुदाम म्हणाला, "आये, पूजा नळापाशी करू. खडे तिथंच मांडू. पाणी ते पाणीच."

वहिनी "हं" म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभी. हातात कुदळ.

"भावजी, माझ्या हातात आता जोर न्हाई."

बाळंतिणीच्या पूजेला गडीमाणूस जात नाही. पण मी गेलो. धोंडे बाजूला केले, वाळू उकरली. वाळू काळी होती. झिरा पूर्वी हातभर खणला की लागायचा, मी कमरेएवढा गेलो तेव्हा कुठं तळ ओला झाला. पाणी आलं. राखेच्या रंगाचं, वर तेलकट साय, आणि मोरीचा वास.

"उपसा," वहिनी म्हणाली. "पयलं पाणी असंच असतं."

मी उपसलं. पुन्हा तसंच आलं. पुन्हा उपसलं. वाडीतल्या बायका काठावर तांब्या घेऊन उभ्या होत्या, पदर नाकाला. लताबद्दल बोललेल्या सगळ्या त्यांच्यात होत्या. मी वर बघितलं. वहिनी म्हणाली, "बास, भावजी. या वर."

मी बाजूला जाऊन बसलो.

लता वाळूत बसली. मांडीवर मुलगी, झोपलेली. तिनं सात खडे मांडले, पाणी शिंपडलं ते घरून आणलेलं, हळद वाहिली, कुंकू वाहिलं. आता बोट बुडवायचं.  लतानं सासूकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला जमलं नसतं. तिनं हात लांब केला, बोट झिऱ्यात घातलं आणि बाळाच्या तोंडाकडं आणलं.

वहिनीनं तिचं मनगट धरलं. "न्हाई," म्हणाली. पदरानं तिचं बोट पुसलं. एकेक पेर पुसलं.

मग लताच्या पिशवीत हात घालून तिनं बाळाची बाटली काढली. बाळाच्या घुटीसाठी उकळून गार केलेलं पाणी होतं त्यात. मला वाटलं आता ह्यातलं लावेल ओठाला, रीत पुरी करील. सगळ्यांना तेच वाटलं.

वहिनीनं झाकण उघडलं, गुडघे टेकले, खड्ड्यावर वाकली आणि ते पाणी झिऱ्यात सोडायला लागली. एकदम नाही. दुखणेकऱ्याच्या तोंडात सोडावं तसं, थांबून थांबून.

"आत्या," लता म्हणाली, "बाळाचं पाणी हाय ते."

"म्हाईत हाय गं. आजपातुर ह्यानं पाजलं."

तळाला घोटभर राहिलं तेव्हा तिनं हात आवरला. बाटली लताच्या हातात दिली.

"आता हिला दे," म्हणाली.